मोजणीचा बुधवार

टॉलिव्हर शाळेत शिरायचे तर आधी अर्लीन गॅदर्सचा काउंटर ओलांडावा लागे, आणि तिच्या परवानगीशिवाय तो कोणालाच ओलांडता येत नसे. पालकांना नाही, पोरांना नाही, शहरातल्या मोठ्या ऑफिसातून आलेल्या सूटवाल्यांना तर नाहीच. चष्म्याच्या वरून एकदा बघितले की भलेभले टोपी काढत. पूर्व डेट्रॉइटच्या त्या वस्तीत लहानथोर सगळेच तिला मिस अर्लीन म्हणत. कित्येकांच्या आयांचेही नाक तिने याच काउंटरवर पुसले होते.

नेमणूक होती साध्या कारकुनाची. पण वरच्या ऑफिसने खर्च कमी करायला घेतला तसतसा तिच्या टेबलाचा खालचा खण भरत गेला. नर्स आठवड्यातून एकदाच येऊ लागली, तेव्हा दमेकरी मुलांचे पंप त्या खणात आले. ग्रंथपालाची जागा गेली आणि वाचनालयाची किल्ली खणात आली. गैरहजर मुलांच्या घरी जाऊन चौकशी करणारा एक गृहस्थ होता. तो गेला आणि त्याची वहीही खणात आली. माणसे जात होती, कामे मात्र कुठे जात नव्हती. पगार तेवढाच, एका वर्षी तर त्यातही कात्री लागली. अर्लीन चार शिव्या हासडून पुन्हा कामाला लागली, कारण दम लागलेले पोर समोर उभे असताना पगाराचा विचार करायला वेळ कुठे असतो?

आता वरच्या ऑफिसाकडे पैसा नव्हता असे कोणी म्हणेल. होता, पण कुठे घालवायचा याची अक्कल नव्हती. या चिमुरड्यांच्या शाळेत एकदा अकरावीच्या बीजगणिताच्या पुस्तकांची खोकीच्या खोकी येऊन पडली. तिसरीची पुस्तके गेली होती दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या एका शाळेच्या पत्त्यावर, आणि तिथे ती कुलपाच्या आत भिजत पडली होती. भिंतीवर लावायचे महागडे डिजिटल स्क्रीन आले, पण वर्गातल्या प्लगमध्ये वीज नव्हती. इमारत गरम ठेवणारा बॉयलर नीट का चालत नाही याचा अभ्यास करायला बाहेरगावची एक कंपनी नेमली. तिचा जाडजूड अहवाल आला, ऊब काही आली नाही. शाळेच्या एका टोकाला पोरे घामाघूम होत आणि दुसऱ्या टोकाला कोट घालून बसत. तिसरीचा वर्ग त्या दुसऱ्या टोकाला होता.

अर्लीनची नात केझाया त्याच वर्गात होती. नऊ वर्षांची, बडबडी, केसांत रंगीत मणी. तिची आई, म्हणजे अर्लीनची लेक, नोकरीसाठी अटलांटाला गेली होती आणि बस्तान बसले की पोरीला नेईन म्हणत होती. ते बस्तान काही बसत नव्हते. तोवर नात आजीकडे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिसरीच्या बाई उपनगरातल्या शाळेत निघून गेल्या. त्यांना तरी काय बोलणार? तिथे बॉयलर चालत होता. तेव्हापासून वर्गावर रोज नवा बदली शिक्षक. कोणी स्वतःच्या लॅपटॉपवर पिक्चर लावून देई, कोणी चित्रे रंगवायला देई, एकजण तर नुसता मोबाइल बघत बसे. वाचन कच्चे असलेल्या मुलांना वेगळे शिकवणाऱ्या बाई होत्या, ती जागा आधीच्याच वर्षी गेली होती.

त्याच महिन्यात एका रविवारी चर्चमधून आल्यावर अर्लीन स्वयंपाकघरात भाजी निवडत होती आणि केझाया टेबलाशी बसून तिला गोष्ट वाचून दाखवत होती. अस्वलाची गोष्ट. काय सुरेख वाचत होती! आवाजात चढउतार, अस्वलाचा आवाज जाडा, सशाचा बारीक. अर्लीनला भरून आले. मध्येच केझाया पाणी प्यायला उठली, तेव्हा अर्लीनने सहज पुस्तक ओढून पुढे काय होते ते पाहायला दोन पाने उलटली आणि तसेच ठेवले. पोरगी परत येऊन बसली आणि पुढे वाचू लागली. अस्वल नदीवर गेले, अस्वलाने मासा धरला.

पानावर नदी नव्हती. पानावर अस्वल घरी पोचून झोपले होते.

अर्लीनच्या हातातली भाजी हातातच राहिली. तिने एका साध्या शब्दावर बोट ठेवले. "हे काय आहे गं?"

केझायाने आजीच्या तोंडाकडे पाहिले, मग शब्दाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "अस्वल?"

शब्द होता 'घर'.

अर्लीन रागावली नाही. तिने पुस्तक मिटले, पोरीला जवळ घेतले आणि म्हणाली, "चल, मक्याचा पाव करू." ती स्वतः याच शाळेत, याच तिसरीच्या वर्गात वाचायला शिकली होती. तिचा बाप मोटारीच्या कारखान्यात होता, तो संध्याकाळी तिच्याकडून पेपर वाचून घेई. तिची लेक इथेच शिकली. आणि आता नात पुस्तक पाठ करून वाचल्याचे सोंग करत होती, आणि आजीला, जी दिवसभर त्याच इमारतीत बसते, पत्ताही नव्हता. या गोष्टीची लाज तिला जाळत राहिली.

वस्तीच्या पलीकडच्या अंगाला एक नवी शाळा निघाली होती. पैसा सरकारचाच, पण चालवायला एक कंपनी. पोरांना निळे शर्ट, न्यायला निळी बस, म्हणून सगळे तिला निळी शाळा म्हणत. अर्लीनला त्या शाळेचे नाव काढलेले खपत नसे. उन्हाळ्यात निळ्या शाळेची माणसे घरोघर पत्रके वाटत फिरली, तेव्हा अर्लीन त्यांच्या मागोमाग फिरली. आपली शाळा सोडू नका, सगळे गेलो तर मागे काय उरेल, असे सांगत तिने निम्मी वस्ती थोपवून धरली. चर्चच्या गायकवृंदात तिच्या शेजारी उभी राहणारी बर्नडीन पेटवे, तीन नातवंडांची आजी, फॉर्म भरायलाच निघाली होती. तिलाही अर्लीनने परत फिरवले.

आणि अस्वलाच्या गोष्टीनंतरच्या सोमवारी तीच अर्लीन जेवणाच्या सुट्टीत निळ्या शाळेत गेली. तिथे वाचनाच्या बाई होत्या. खऱ्याखुऱ्या, रोज येणाऱ्या. केझायाचे नाव तिने प्रतीक्षायादीत घातले आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मग आला मोजणीचा दिवस.

दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी राज्यभर शाळेतली मुले मोजतात. त्या दिवशी ज्या शाळेत जितकी डोकी, वर्षभर तिला तितका पैसा. एरवी पोरे आली काय, न आली काय, वरच्या ऑफिसला सोयरसुतक नसे; पण त्या बुधवारी ताप आलेले पोरसुद्धा पांघरुणात गुंडाळून आणावे अशी अपेक्षा. म्हणून शाळाशाळांत त्या दिवशी जत्रा. टॉलिव्हरमध्ये पिझ्झा, पॉपकॉर्न, गाणी लावणारा एक माणूस, आणि सोडतीत सायकल. चर्चच्या बायका रताळ्याचे गोड सारण भरलेल्या पेस्ट्र्या भाजून आणत.

या वर्षी तर जीवच टांगणीला लागला होता. मुख्याध्यापक स्टॉलवर्थ हा तरुण, भला माणूस. चार वर्षांतला तिसरा मुख्याध्यापक, पण पहिला असा की ज्याला पोरांची नावे पाठ होती. त्याला वरून शब्द मिळाला होता: तीनशे मुले भरली तर तिसरीला कायमच्या बाई मिळतील, वाचनाच्या बाईही परत येतील. नाही भरली, तर शाळेचे नाव बंद करायच्या शाळांत जाईल. स्टॉलवर्थने त्या शब्दावर विश्वास ठेवला. तरुण होता.

अर्लीनने आठवडाभर वर्गावर्गांत जाऊन तालीम घेतली. "नाव पुकारलं की कसं ओरडायचं?"

"हजर!"

"हे काय मांजर ओरडलं का? छपराला भोक पडलं पाहिजे!"

"हजर!!"

गेल्या वर्षी चार-पाच पोरे नेमकी हजेरीच्या वेळी बाथरूमला गेली आणि फुकट गैरहजर लागली होती. म्हणून या वेळी तिने आणखी बजावले, "शेजारचा बाथरूमला गेला असेल तर त्याच्या नावालाही तुम्ही ओरडा. आपलं एकही पोर वाया जाता कामा नये, कळलं?" पोरांना हे फारच आवडले. ओरडायची परवानगी, तीही दुसऱ्याच्या नावाने!

मंगळवारी दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. निळ्या शाळेतून एक गोड आवाज बोलत होता. तिसरीत एक जागा झाली आहे, केझायाला उद्या पाठवा.

"परवा पाठवते," अर्लीन हलक्या आवाजात म्हणाली. "एकच दिवस थांबा."

"मॅडम, उद्या मोजणी आहे. उद्या जी मुलं इथे बसतील ती आमची. परवा जागा राहील असं मी सांगू शकत नाही." आवाज तेवढाच गोड होता.

अर्लीनने फोन ठेवला. समोरच्या भिंतीवर स्टॉलवर्थने स्वतः रंगवलेला फलक होता, त्यावर मोठ्या अक्षरांत तीनशेचा आकडा. शाळा सोडणाऱ्या मुलाचे नाव हजेरीतून काढायचे कामही तिचेच. ते तिने करायला हवे होते, पण नाव काढले की त्या दिवसाच्या कागदात स्टॉलवर्थच्या नजरेला पडणार. तिला ते धैर्य झाले नाही. उद्या मोजणी उरकली की काढू, असे म्हणत तिने खण बंद केला.

बुधवारी सकाळी निळी बस घराच्या कोपऱ्यावरून जात असूनही अर्लीन नातीला घेऊन चार गल्ल्या पलीकडच्या थांब्यावर गेली. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून. नवा निळा शर्ट कोटाच्या आत लपला होता.

"आजी, पण आज तर पिझ्झा आहे ना?"

"मी तुझ्यासाठी आणीन घरी."

"आणि माझं नाव पुकारलं तर?"

"नाही पुकारणार," अर्लीन म्हणाली आणि तिचे मणी उगाचच सारखे केले. बस आली, पोरगी चढली, आणि खिडकीतून हात हलवायचेही विसरून शेजारच्या मुलीशी बोलू लागली. अर्लीन मात्र बस वळेपर्यंत हात हलवत राहिली.

तिथून ती दारे ठोठावायला निघाली. न आलेल्या मुलांना आणायची दर वर्षीची फेरी. शेवटचे दार बर्नडीनचे. बर्नडीन गाऊनवरच बाहेर आली, कमरेवर हात.

"आलीस? मला वाटलंच. वर्षभर माझी पोरं जगली का मेली कोणी विचारत नाही, आज मात्र दारात उभी!"

"बर्नडीन, सकाळी सकाळी डोकं नको खाऊस. पोरांना तयार कर."

"त्या बर्फाच्या खोलीत पाठवू? टेवन काल घरी आला तर ओठ निळे पडलेले. विचारलं काय शिकलास, तर म्हणे पिक्चर बघितला. परवाही पिक्चरच. शाळा आहे का थिएटर गं?"

"तीनशे भरले की बाई येणार आहेत. वाचनाच्याही. मिस्टर स्टॉलवर्थना शब्द दिलाय वरच्यांनी."

"वरच्यांचा शब्द!" बर्नडीन अशी हसली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग कमरेवरचे हात तिने खाली घेतले. "उन्हाळ्यात मी निळ्या शाळेचा फॉर्म भरत होते, तेव्हा तू हात धरलास माझा. आठवतंय? म्हणालीस, आपण नाही थांबलो तर कोण थांबणार? म्हणून थांबले मी. तू खरं बोलतेस म्हणून थांबले. केझाया गेली का शाळेत?"

"गेली," अर्लीन म्हणाली. "केव्हाच गेली."

यात खोटे काही नव्हते, आणि इतके मोठे खोटे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. बर्नडीनने मान डोलावली आणि आत हाक मारली, "ए टेवन, ऊठ रे! सगळे उठा! मिस अर्लीन आल्यात न्यायला!" तिन्ही पोरे अर्धवट बुटांत पाय घालत बाहेर आली, आणि धाकटीने रस्ताभर अर्लीनचे बोट सोडले नाही.

दहाच्या सुमारास वर्गावर्गांतून 'हजर'चे असे स्फोट होऊ लागले की काउंटरवरच्या काचा थरथरल्या. स्टॉलवर्थ बेरजा करत होता. त्याच्या डोक्यावर पार्टीची कागदी टोपी होती, तिचे त्याला भानही नव्हते. शेवटच्या वर्गाचा कागद आला. त्याने दोनदा बेरीज केली आणि माइक ओढला. "टॉलिव्हर! तीनशे! आपण तीनशे भरलो!"

सगळ्या इमारतीत आरडाओरडा झाला. स्वयंपाकघरातल्या बायका पातेली बडवायला लागल्या. अर्लीनही हसली, टाळ्या वाजवल्या, आणि सवयीने एकेक कागद तपासायला घेतला, कारण खाली सही तिची लागणार होती. तिसरीचा कागद आला. केझाया गॅदर्स: हजर.

ती उठून तिसरीच्या वर्गात गेली. बदली शिक्षक भांबावलेला बसला होता. त्याला आज पहिल्यांदाच ही पोरे दिसत होती.

"केझायाच्या नावाला कोण ओरडलं?"

टेवन पेटवे ताठ उभा राहिला. छाती फुगलेली, तोंडाला पॉपकॉर्न. "मी, मिस अर्लीन! ती बाथरूमला गेली असेल म्हणून मी ओरडलो. तुम्ही सांगितलं होतं ना, आपलं एकही पोर वाया जाता कामा नये!"

अर्लीनने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास," एवढेच तिच्याने बोलवले.

ती परत आली तेव्हा स्टॉलवर्थ फलकावरच्या आकड्यासमोर उभा राहून फोटो काढत होता.

"मिस्टर स्टॉलवर्थ, एक कमी करा."

"म्हणजे?"

"केझाया. ती नाहीये."

"आजारी आहे का? मग घाबरू नका, थोड्या दिवसांत आली की धरता येतं—"

"आजारी नाही. निळ्या शाळेत आहे. मीच घातली."

स्टॉलवर्थ खुर्चीवर बसला. टोपी एका कानावर आली. "तुम्हीसुद्धा, मिस अर्लीन?" तो रागाने नाही म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागले. बाहेर गाणी चालू होती. तो हळूच म्हणाला, "मग राहू दे ना ते. पोरांनी हजर म्हटलंय. दोन्हीकडे नाव निघालं तरी छडा लागायला महिने जातील. तोवर आपल्याला बाई मिळतील. सगळ्या वर्गाला."

"आणि छडा लागला की निळ्या शाळेवाले म्हणतील, पोरगी तुमची, घेऊन जा. मला तिला परत आणायची नाही."

बोलून गेल्यावर तिला कळले की आपण काय बोललो. याच काउंटरवर उभे राहून तिने शेकडो आयांना परत आणले होते. "तिला वाचता येत नाही हो," ती म्हणाली. "नऊ वर्षांची झाली. मला 'घर' वाचून दाखवता आलं नाही तिला. मी काय करू?"

स्टॉलवर्थने टोपी काढली आणि स्वतःचे पेन तिच्यापुढे सरकवले. अर्लीनने नातीच्या नावावर रेघ मारली, खाली सही केली, आणि खुर्चीवर चढून फलकावरचा आकडाही स्वतःच्या हाताने खोडला.

अशा गोष्टी लपत नाहीत. पोरांना न्यायला बर्नडीन आली तोवर स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत सगळ्यांना कळले होते. ती काउंटरशी आली. अर्लीनला वाटले, आता ही शाळा डोक्यावर घेईल. तसे झाले असते तर बरे झाले असते.

"घातलीस ते चुकलं नाही तुझं," बर्नडीन अगदी शांतपणे म्हणाली. "मीही घातली असती. पण मला सांगायचंस ना. यादीत माझीही पोरं लागली असती गं." आणि तिन्ही पोरांना घेऊन निघून गेली. पुढच्या रविवारी गायकवृंदात ती दुसऱ्या टोकाला उभी राहिली.

तिसरीला कायमच्या बाई मिळाल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये निळ्या शाळेने काही दंगेखोर पोरे काढून टाकली. त्यांचा वर्षाचा पैसा मोजणीच्या दिवशीच पदरात पडला होता, आता पोरे ठेवायची गरज काय? ती सगळी टॉलिव्हरला परत आली, हात हलवत. त्यांना धरून शाळेत तीनशेच्या वर डोकी झाली, पण आता मोजायला कोणी येणार नव्हते. अर्लीनने एकालाही नको म्हटले नाही. केझायाला त्यांनी काढले नाही. ती रोज संध्याकाळी निळ्या बसने येई, टॉलिव्हरच्या कोपऱ्यावर उतरे आणि आजीचे काम संपेपर्यंत काउंटरमागे बसून दिसेल तो कागद अडखळत वाचे. औषधाच्या पंपावरची चिठ्ठी, बिस्किटाचा पुडा, अगदी वरच्या ऑफिसचे हुकूमसुद्धा. अर्लीनला ते ऐकताना आनंद होई, आणि समोरून टेवन जाऊ लागला की ती पोरीला म्हणे, "जरा मनात वाच."

मार्चमध्ये एका दुपारी दोन माणसे आली, बाहेरच्या दारावर एक कागद चिकटवून गेली. त्यांनी अर्लीनची परवानगीही विचारली नाही. त्या हिवाळ्यात शहरातल्या आणखीही शाळांच्या दारांवर असे कागद लागले, आणि त्यांतल्या काहींत तीनशेहून कितीतरी जास्त मुले होती. म्हणजे ते तीनशे नुसतेच गाजर होते. स्टॉलवर्थ हे तिला मुद्दाम सांगायला आला. तिच्या मनावरचा दगड हलावा म्हणून आला होता, भला माणूस; पण तो दगड काही तीनशेचा नव्हता.

शाळा सुटली. पायऱ्यांवर आजीआजोबा, आया जमल्या होत्या. केझाया नुकतीच बसमधून उतरून अर्लीनजवळ येऊन उभी राहिली होती. बर्नडीन दुसऱ्या बाजूला, हातात धाकटीचे दप्तर. टेवन गर्दीतून वाट काढत दाराशी गेला, कागदाकडे पाहिले आणि मागे वळला.

"आजी, काय लिहिलंय?"

बर्नडीनने तोंड फिरवले. चष्मा घरी राहिलाय असे काहीतरी ती पुटपुटली, आणि चष्मा तिच्या नाकावरच होता. टेवनने मग केझायाला पाहिले. "तुला येतं का गं?"

केझायाने आजीकडे पाहिले. अर्लीनला वाटले म्हणावे, मनात वाच. पण तिच्याने ते म्हणवले नाही. "वाच," ती म्हणाली. "मोठ्यांदा वाच."

केझाया दाराशी गेली. तिने बोट ठेवले आणि एकेक शब्द फोडत वाचू लागली. "जून... म... महिन्या... महिन्याच्या... अखेरीस... टॉलिव्हर... शाळा... का... काय..." ती थांबली, ओठ हलवले आणि मग एकदम उजळली. "कायमची! कायमची... बंद... करण्यात... येईल." पूर्ण वाक्य! तिने आनंदाने मागे वळून आजीकडे पाहिले, आणि आजीचा चेहरा बघून काय वाचले ते तिच्या ध्यानात आले.

कोणीतरी हुंदका दिला. बर्नडीन गर्दीतून अर्लीनच्या शेजारी येऊन उभी राहिली, गायकवृंदात पूर्वी राहायची तशी, खांद्याला खांदा लावून. तिने अर्लीनकडे पाहिले नाही. "चांगली वाचते," ती म्हणाली.

"शनिवारी टेवनला घेऊन ये," अर्लीन म्हणाली. "वाचनालयाची किल्ली अजून माझ्याकडे आहे."

बर्नडीनने धाकटीचे दप्तर या हातातून त्या हातात घेतले. दाराशी टेवन अजून त्या कागदासमोर उभा होता. त्याने केझायाचे बोट बाजूला सारले, आपले ठेवले, आणि खाली-वर शोधत एका शब्दावर आणून थांबवले.

"हा मला येतो," तो म्हणाला. "टॉलिव्हर."